साइन-कॉसची राशी संमिश्र प्रतलावर कशी काढावी

मुंबई विद्यापीठाच्या इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षात संमिश्र संख्या हा धडा असतो, आणि अकरावीत त्याची तोंडओळख आधीच झालेली असते. मापांक (आरंभबिंदूपासूनचे अंतर) काढा, कोनांक (आडव्या अक्षाच्या धन बाजूशी होणारा कोन) काढा, वास्तव आणि कल्पित भाग वेगळे करा, हे सगळे विद्यार्थी सूत्रांच्या जोरावर करून टाकतात. पण तीच राशी आलेख कागदावर काढायला सांगितली की गाडी अडते. बहुतेक वेळा कारण एकच असते. नेमके काय बदलते आहे आणि कुठून कुठपर्यंत, हे न ठरवताच बिंदू टाकायला सुरुवात झालेली असते.

म्हणून पेन्सिल उचलण्यापूर्वी कागदाच्या कोपऱ्यात दोन ओळी लिहायच्या. पहिल्या ओळीत वास्तव भाग इतका, कल्पित भाग इतका. दुसऱ्या ओळीत बदलणारी राशी कोणती आणि तिची हद्द काय. या दोन ओळी लिहिता येत नसतील तर आकृती काढायची वेळ अजून आलेली नाही. पुढे जे काही सांगितले आहे ते सगळे या दोन ओळींवरच उभे आहे.

खुणांबद्दल आधी बोलून घेऊ. आडवा अक्ष वास्तव, उभा अक्ष कल्पित. 'आय' म्हणजे −१ चे वर्गमूळ, थीटा म्हणजे बदलणारा कोन. 'कॉस थीटा + आय साइन थीटा' पुन्हा पुन्हा लिहायला लांब पडते, म्हणून त्याला 'सिस थीटा' म्हणू. बिंदू (०.५, ०.८७) असा लिहिला की त्याचा अर्थ ०.५ + ०.८७ आय.

साहित्य

मिलिमीटरचा आलेख कागद, कर्कटक, कोनमापक, एचबी पेन्सिल आणि सायंटिफिक कॅल्क्युलेटर. कागद कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला असेल तर आधी त्यावर पट्टी ठेवून १० सेंटीमीटर मोजा. छापताना 'कागदात बसव' हा पर्याय चालू राहिला की १० चे ९.६ किंवा ९.७ होतात. चौकटी मोजून टाकलेले बिंदू तरीही बरोबर येतात, पण पट्टीने मोजून उघडलेल्या कर्कटकाचे वर्तुळ त्या बिंदूंमधून जात नाही, आणि गणित चुकले असे वाटून विद्यार्थी ते पुन्हा करत बसतो. जून ते सप्टेंबर मुंबईच्या दमट हवेत कागद नरम पडतो. त्यावर २एच पेन्सिल चालवली तर चर पडतो आणि खोडले तरी जात नाही. एचबी बरी.

प्रमाण दोन्ही अक्षांवर एकच हवे. १ एकक = ४ सेंटीमीटर हे प्रमाण या लेखातल्या बहुतेक आकृत्यांना पुरते. आडव्या अक्षावर ४ आणि उभ्यावर २ घेतले तर वर्तुळाचे लंबवर्तुळ होते, ४५ अंशांचा कोन साधारण २७ अंशांचा दिसतो आणि कोनमापक निरुपयोगी ठरतो. एरवीच्या आलेखात अक्षांची प्रमाणे वेगळी चालतात. इथे चालत नाहीत, कारण संमिश्र प्रतलावर लांबी आणि कोन यांनाच अर्थ आहे.

पहिली पायरी: वर्तुळ, आणि सरकलेले वर्तुळ

सिस थीटा म्हणजे आरंभबिंदूभोवती १ त्रिज्येचे वर्तुळ. थीटा ०° ते ३६०°, पायरी ३०°, एकूण १२ बिंदू. ३०° ला (०.८७, ०.५), ६०° ला (०.५, ०.८७), ९०° ला (०, १). बाकीचे बिंदू चिन्हे बदलून मिळतात. बिंदू टाकून झाल्यावर कर्कटकाने वर्तुळ फिरवा. सगळे बिंदू रेषेवर बसले तर प्रमाण आणि कॅल्क्युलेटर दोन्ही ठीक आहेत.

आता परीक्षेतली लाडकी राशी घ्या: १ + कॉस थीटा + आय साइन थीटा. वास्तव भाग १ + कॉस थीटा, कल्पित भाग साइन थीटा. म्हणजे तेच वर्तुळ १ एकक उजवीकडे सरकले, केंद्र (१, ०), त्रिज्या १. आकृती इतकी सोपी आहे. गंमत मापांक-कोनांकात आहे. अर्धकोनाच्या सूत्रांनी ही राशी २ कॉस(थीटा/२) · सिस(थीटा/२) अशी होते, आणि विद्यार्थी लगेच लिहून मोकळे होतात की मापांक २ कॉस(थीटा/२) आणि कोनांक थीटा/२.

थीटा २४०° घेऊन पाहा. बिंदू येतो (१ − ०.५, −०.८७), म्हणजे (०.५, −०.८७). हा चौथ्या चरणात आहे, आरंभबिंदूपासून १ अंतरावर. सूत्र मात्र सांगते मापांक २ कॉस १२०° = −१ आणि कोनांक १२०°. मापांक ऋण असूच शकत नाही. पट्टीने मोजलेली लांबी कधी ऋण आली आहे का? सूत्र चुकलेले नाही. १२०° च्या दिशेला −१ जाणे म्हणजे उलट्या दिशेला १ जाणे. म्हणून मापांक १ आणि कोनांक १२० − १८० = −६०°. थीटा १८०° च्या पुढे गेला की कॉस(थीटा/२) ऋण होतो, आणि तिथे ही दुरुस्ती करावीच लागते. बरोबर १८०° ला बिंदू आरंभबिंदूवरच येतो, मापांक ०, आणि कोनांक उरतच नाही. उत्तरपत्रिकेत थीटाची हद्द लिहायला सांगतात ती याचसाठी.

कोनांक कॅल्क्युलेटरवर काढताना आणखी एक खड्डा आहे. कल्पित भागाला वास्तव भागाने भागून उलटा टॅन घेतला तर चरण हरवतो. (−०.५, −०.८७) या बिंदूसाठी उत्तर ६०° येते, खरा कोनांक −१२०° आहे. ऋणाला ऋणाने भागले की धन येते, आणि बिंदू कुठल्या बाजूला होता ही माहितीच पुसली जाते. कॅसिओ एफएक्स-९९१ वर 'पोल' ही सोय आहे, ती चरण सांभाळते. ती वापरायची नसेल तर आधी बिंदू कागदावर टाका, चरण डोळ्यांनी पाहा, आणि वास्तव भाग ऋण असेल तर १८०° मिळवा किंवा वजा करा.

भरतीचे वर्तुळ

सरकलेले वर्तुळ परीक्षेपुरते नाही. मुंबईच्या समुद्राची भरती याच आकृतीत बसते.

भरतीच्या उंचीतली दोन मोठी पदे अशी: चंद्रामुळे येणारे पद १२.४२ तासांत एक फेरी पूर्ण करते, म्हणजे तासाला २८.९८४°. सूर्यामुळे येणारे पद बरोबर १२ तासांत, म्हणजे तासाला ३०°. दोन्ही कॉसची पदे आहेत. त्यांची थेट बेरीज काळासमोर काढली तर शेकडो उंचवटे येतात आणि डोळे गरगरतात. संमिश्र प्रतलावर मात्र हे एका वर्तुळात मावते. युक्ती अशी की कागदच चंद्राच्या पदाबरोबर फिरतो आहे असे समजायचे. मग चंद्राचे पद वास्तव अक्षावर १ लांबीची स्थिर काठी होते, आणि सूर्याचे पद तिच्या टोकाभोवती तासाला फक्त ३० − २८.९८४ = १.०१६° वेगाने फिरणारी छोटी काठी.

सूर्याच्या पदाची लांबी चंद्राच्या ०.४ पट आहे असे समजू. दोन काठ्यांमधल्या कोनाला फाय म्हणू. राशी झाली १ + ०.४ सिस फाय. केंद्र (१, ०), त्रिज्या ०.४. कागदावर केंद्र ४ सेंटीमीटरवर आणि त्रिज्या १६ मिलिमीटर. फाय दिवसाला २४.४° जातो, तेव्हा वर्तुळावर तेवढ्या अंतराने खुणा करा आणि त्यांना दिवसांचे आकडे द्या. एक फेरी १४.७७ दिवसांची.

आता आरंभबिंदूपासून प्रत्येक खुणेपर्यंत पट्टी लावा. फाय ०° असताना अंतर १.४, ही उधाणाची भरती, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची. फाय १८०° असताना अंतर ०.६, ही अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती. उधाणापासून भांगापर्यंत ७.४ दिवस लागतात. पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या तारखा महापालिका जाहीर करते. त्या तारखा अशा एकमेकींना लागून गटाने का येतात, ते या वर्तुळाच्या उजव्या टोकाकडे पाहून कळते. तिथे आरंभबिंदूपासूनचे अंतर फार हळू बदलते, म्हणून उधाण एका दिवसात ओसरत नाही.

कोनांकही वाया जात नाही. आरंभबिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका काढा आणि कोन मोजा. ०.४ चा उलटा साइन, म्हणजे २३.६° येईल. तासाला २८.९८४° या वेगाने हा कोन ०.८१ तासाचा, साधारण ४९ मिनिटांचा होतो. फक्त ही दोन पदे धरली तर भरतीची वेळ चंद्राच्या सरळ हिशेबापेक्षा जास्तीत जास्त एवढी पुढे-मागे सरकते. प्रत्यक्षात आणखी कितीतरी पदे असतात. प्रत्येक नवे पद म्हणजे आधीच्या काठीच्या टोकाला जोडलेली आणखी एक काठी.

गुलाबाच्या पाकळ्या, आणि पायरी किती घ्यायची

कॉस ३थीटा · सिस थीटा ही राशी काढू. वास्तव भाग कॉस ३थीटा · कॉस थीटा, कल्पित भाग कॉस ३थीटा · साइन थीटा.

इथे सवयीने ३०° ची पायरी घेतली की हमखास फसगत होते. कॉस ३थीटाच्या किमती ०°, ३०°, ६०°, ९०° ला अनुक्रमे १, ०, −१, ० अशा येतात. म्हणजे प्रत्येक बिंदू एक तर पाकळीच्या टोकावर पडतो किंवा आरंभबिंदूवर. ते जोडले की तीन सरळ काड्या मिळतात, पाकळी कुठेच नाही. गणितात चूक नाही, सारणी अचूक आहे, आणि आकृती साफ खोटी आहे.

नियम असा ठेवा: राशीत कॉस किंवा साइनच्या आत जास्तीत जास्त जितकी पट असेल, तितक्याने ३०° ला भागा. ३थीटा असेल तर १०°, ५थीटा असेल तर ६°. त्यामुळे प्रत्येक लाटेला १२ बिंदू मिळतात, आणि हाताने गुळगुळीत रेषा ओढायला ते पुरतात. आपल्या राशीचे पहिले सात बिंदू असे:

०° ला (१, ०)
१०° ला (०.८५, ०.१५)
२०° ला (०.४७, ०.१७)
३०° ला (०, ०)
४०° ला (−०.३८, −०.३२)
५०° ला (−०.५६, −०.६६)
६०° ला (−०.५, −०.८७)

४०° चा बिंदू तिसऱ्या चरणात गेलेला पाहून दचकू नका. कॉस १२०° ऋण आहे, म्हणून ४०° च्या दिशेचा बिंदू उलट बाजूला पडला. पेन्सिल आरंभबिंदूतून सरळ पलीकडे जाते. तिथे थांबून वळण घेऊ नका. १८०° पर्यंत गेलात की तिन्ही पाकळ्या पूर्ण होतात, आणि पुढचे १८०° तोच मार्ग पुन्हा गिरवतात. पाकळ्यांची टोके ०°, १२०° आणि २४०° या दिशांना येतात.

असेच का घडते, ते काठ्यांच्या भाषेत फार छान दिसते. कॉस ३थीटा म्हणजे सिस ३थीटा आणि सिस(−३थीटा) यांची निम्मी बेरीज. तिला सिस थीटाने गुणले की ½ सिस ४थीटा + ½ सिस(−२थीटा) मिळते. अर्ध्या एककाच्या दोन काठ्या: एक घड्याळाच्या उलट दिशेने चौपट वेगाने, दुसरी घड्याळाच्या दिशेने दुप्पट वेगाने. दोघींमधला कोन ६थीटा. तो ०° किंवा ३६०° च्या पटीत आला की काठ्या एका रेषेत आणि पाकळीचे टोक तयार, १८०° आला की एकमेकींना मारून बिंदू मध्यावर. कोणतीही गुणाकाराची राशी अशी काठ्यांच्या बेरजेत फोडता आली तर सारणीशिवायच तिचा आकार सांगता येतो. गुणाकारापेक्षा बेरीज डोळ्यांना फार लवकर कळते.

कॅल्क्युलेटरच्या टेबल मोडमध्ये ०° ते ३६०°, पायरी १०°, अशी मागणी केली तर ३७ ओळी होतात, आणि बऱ्याच मॉडेलांत तेवढ्या मावत नाहीत. स्मृती अपुरी असल्याचा संदेश येतो. ०° ते १८०° च्या १९ ओळी घ्या, बाकीचे काम सममितीवर सोपवा.

संगणकावर काढत असाल तर

एक्सेलमध्ये तीन रकाने करा: थीटा, वास्तव भाग, कल्पित भाग. एक्सेलचे साइन-कॉस फक्त रेडियन ओळखतात, तेव्हा अंशांना पाय भागिले १८० ने गुणून घ्या. आलेखाचा प्रकार स्कॅटर निवडा. लाइन चार्ट निवडला तर तो वास्तव भागाला अक्ष मानत नाही, ओळींचे क्रमांक मानतो, आणि वर्तुळाऐवजी दोन लाटा दिसतात. गुळगुळीत रेषेचा पर्यायही टाळा. बिंदू विरळ असतील तर तो पाकळीच्या टोकाला स्वतःच्या मनाने फुगवतो. ५०० बिंदू घ्या आणि सरळ रेषांनी जोडा. शेवटी दोन्ही अक्षांच्या हद्दी सारख्या ठेवून चौकट ओढून चौरस करा. एक्सेल हे आपणहून करत नाही.

कोनांकासाठी एक्सेलमधले एटॅन२ आधी वास्तव भाग मागते, मग कल्पित. पायथॉनमध्ये हाच क्रम उलटा आहे. एकीकडचे सूत्र दुसरीकडे जसेच्या तसे नेले तर सगळे कोन ९०° मधून वजा होऊन येतात, आणि आकृती कर्णरेषेत पलटी खाते.

डेस्मॉस या आलेख काढणाऱ्या संकेतस्थळावर कंसात दोन्ही भाग लिहिले की वक्र लगेच दिसतो, पण फक्त एक तुकडा. कारण चलाची हद्द ० ते १ अशी ठेवलेली असते. ती ० ते २ पाय करा.

चलच संमिश्र असेल तेव्हा

आतापर्यंत फिरणारा कोन वास्तव होता, म्हणून वक्र मिळत होता. साइन झेड मध्ये झेड स्वतःच क्ष + आय य आहे. आता एका कागदावर भागत नाही. डाव्या कागदावर झेडची जाळी, उजव्या कागदावर साइन झेडची. डावीकडच्या प्रत्येक रेषेचे उजवीकडे काय झाले, ते काढायचे.

दोन ओळींचा नियम इथे सर्वात जास्त कामाला येतो (कॉसएच आणि साइनएच म्हणजे हायपरबोलिक कॉस आणि साइन):

साइन(क्ष + आय य) = साइन क्ष · कॉसएच य + आय · कॉस क्ष · साइनएच य

कॅसिओ एफएक्स-९९१ ईएस वर्गातल्या कॅल्क्युलेटरला कॉम्प्लेक्स मोडमध्ये थेट साइन(०.५ + आय) विचारले तर मॅथ एरर येतो. यंत्र बिघडलेले नाही, त्याला संमिश्र संख्येचा साइन येत नाही. म्हणून वरचे सूत्र वापरून चार वास्तव किमती काढायच्या. कॉसएच आणि साइनएच 'हायप' बटणाखाली सापडतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. क्ष हा कोन आहे, तो अंशांत किंवा रेडियनमध्ये, कॅल्क्युलेटरच्या मोडप्रमाणे. य हा कोन नाही, तो साधा आकडा आहे, त्याला अंश लागू नाहीत. कोणी य = ३०° समजून कॉसएच ३० दाबले तर उत्तर येते सुमारे ५.३४ गुणिले १० चा १२ वा घात. ४ सेंटीमीटरला १ या प्रमाणात तो बिंदू सूर्यापेक्षाही लांब जातो. उलट चूक शांतपणे होते. कॅल्क्युलेटर अंशांवर आणि क्ष रेडियनमध्ये दिला, तर साइन क्ष ०.०३ च्या वर जातच नाही आणि सगळे बिंदू कल्पित अक्षालगत ढीग होऊन बसतात. जाळीऐवजी उभी काडी दिसली तर आधी मोड पाहा.

क्ष साठी −९०° ते ९०° पुरे, य साठी ० ते १.५. आधी ही सारणी स्वतंत्र कागदावर लिहून ठेवा, सतत लागते:

य = ०.५ : कॉसएच १.१२८, साइनएच ०.५२१
य = १ : कॉसएच १.५४३, साइनएच १.१७५
य = १.५ : कॉसएच २.३५२, साइनएच २.१२९

या आकृतीसाठी प्रमाण १ एकक = ३ सेंटीमीटर करा. आडव्या रेषेपासून सुरुवात. य = १ स्थिर, क्ष बदलता. ०° ला (०, १.१८), ३०° ला (०.७७, १.०२), ६०° ला (१.३४, ०.५९), ९०° ला (१.५४, ०). ऋण बाजूला वास्तव भागाचे चिन्ह बदलते. हे झाले लंबवर्तुळाचे वरचे अर्ध, अर्धाक्ष १.५४ आणि १.१८. य = ०.५ ची रेषा त्याच्या आत बसते, १.१३ आणि ०.५२ अर्धाक्षांची, चपटी. य = ० तर पूर्ण चपटी होऊन −१ ते १ चा रेषाखंड. कॉसएच चा वर्ग वजा साइनएच चा वर्ग नेहमी १ येतो, म्हणून या सगळ्या लंबवर्तुळांच्या नाभी एकच: −१ आणि १. त्या दोन ठिकाणी टाचण्या लावून दोऱ्याने लंबवर्तुळ काढता येते. टाचण्यांभोवतीच्या बंद दोऱ्याची लांबी २ कॉसएच य + २ एकक ठेवा. य = १ साठी ते ५.०९ एकक, म्हणजे सुमारे १५.३ सेंटीमीटर. गाठ मोजमापात धरू नका.

मग उभ्या रेषा. क्ष = ३०° स्थिर, य वाढता: (०.५, ०), (०.५६, ०.४५), (०.७७, १.०२), (१.१८, १.८४). हा अपास्ताचा (हायपरबोलाचा) तुकडा आहे, नाभी त्याच दोन. वर जाताना तो ६०° च्या तिरक्या रेषेला टेकत जातो. क्ष = ६०° साठी (०.८७, ०), (०.९८, ०.२६), (१.३४, ०.५९), (२.०४, १.०६), आणि ही ३०° च्या रेषेकडे झुकते. क्ष = ० ची रेषा कल्पित अक्षावरच राहते. क्ष = ९०° ची मात्र आडवी होऊन १ पासून उजवीकडे पसरते.

प्रत्येक बिंदू टाकण्यापूर्वी एक पडताळा करा, अर्धे मिनिट लागते. साइन झेडच्या मापांकाचा वर्ग = साइन क्षचा वर्ग + साइनएच यचा वर्ग. ३०° आणि १ साठी उजवी बाजू ०.२५ + १.३८१ = १.६३१. आपला बिंदू (०.७७१५, १.०१७८) घेतला तर ०.५९५ + १.०३६ = १.६३१. जुळले. साइनचे मूल्य १ पेक्षा मोठे कसे, असा प्रश्न इथे बरेच जण विचारतात. −१ ते १ ही मर्यादा फक्त वास्तव कोनांची. यच्या दिशेने साइन झेड हवे तेवढे वाढते.

आता (०.७७, १.०२) या बिंदूवर कोनमापक ठेवा. लंबवर्तुळाची स्पर्शिका उजवीकडे जाताना २३.७° खाली झुकते, अपास्ताची ६६.३° वर जाते. मधला कोन ९०°. हे आकडे अंदाजाचे नाहीत. साइन झेडचे विकलज (डेरिव्हेटिव्ह) कॉस झेड, त्याची त्या बिंदूवरची किंमत १.३४ − ०.५९ आय, तिचा कोनांक −२३.७° आणि मापांक १.४६. म्हणजे डावीकडच्या जाळीतला एक लहानसा चौरस उजवीकडे चौरसच राहतो, फक्त २३.७° घड्याळाच्या दिशेने वळून दीडपटीच्या जरा खाली मोठा होतो. तुमच्या आकृतीत कोन ८५° किंवा ९५° आला तर रेषा ओढताना हात हलला. ७०° आला तर एखादा बिंदू चुकला.

फक्त −१ आणि १ या दोन जागी कोन टिकत नाही. डावीकडे क्ष = ९०° आणि य = ० या रेषा काटकोनात मिळतात, उजवीकडे त्याच दोन्ही एका सरळ रेषेत येतात. ९०° चे १८०° झाले. तिथे कॉस झेड शून्य आहे, म्हणून. हे दिसले की आकृती बरोबर निघाली आहे.

कॉस झेडसाठी नवी जाळी काढायची गरज नाही. कॉस झेड म्हणजे साइन(झेड + ९०°), तेव्हा तीच जाळी, फक्त उभ्या रेषांवरची नावे ९०° ने सरकवा. सूत्र वापरणार असाल तर मधले ऋण चिन्ह विसरू नका: कॉस क्ष · कॉसएच य − आय · साइन क्ष · साइनएच य. ते राहून गेले तर आकृती वास्तव अक्षात उलटी होते, आणि ती दिसायला इतकी सुबक असते की चूक लक्षातही येत नाही. क्ष = ३०°, य = १ चा बिंदू वास्तव अक्षाच्या खाली आला पाहिजे, एवढे तपासले की पुरे.

टॅन झेडला सारणी जवळजवळ लागतच नाही, कर्कटक पुरते. आडवी रेषा य स्थिर ठेवून काढली की उजवीकडे पूर्ण वर्तुळ मिळते. त्याचे केंद्र कल्पित अक्षावर, आरंभबिंदूपासून कॉसएच २य भागिले साइनएच २य इतक्या उंचीवर, आणि त्रिज्या १ भागिले साइनएच २य. य = ०.५ साठी केंद्र १.३१, त्रिज्या ०.८५. ४ सेंटीमीटरच्या प्रमाणात कर्कटकाचे टोक ५२.५ मिलिमीटरवर आणि उघडीप ३४ मिलिमीटर. वर्तुळ कल्पित अक्षाला ०.४६ वर छेदते का ते पाहा, कारण क्ष = ० ला टॅनएच ०.५ ची किंमत तेवढीच. य = २ घेतले तर त्रिज्या ०.०३७, म्हणजे कागदावर दीड मिलिमीटर. त्यापुढची सगळी वर्तुळे (०, १) या बिंदूवर पेन्सिलच्या टोकाएवढ्या ठिपक्यात बसतात. ती काढायची असतील तर वेगळा कागद घ्या, १ एकक = १०० सेंटीमीटर असे प्रमाण ठेवा आणि फक्त त्या बिंदूभोवतीचा तुकडा रेखाटा.